'पोझ' : एक सोयीचा आरोप

'या कवीची बंडखोरी ही निव्वळ पोझ आहे' अशा धर्तीचे वाक्य मराठी समीक्षेला अपरिचित नाही. मीही ते लिहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका नव्या कवीच्या पहिल्याच संग्रहाचा मी या शब्दाने चार ओळींत निकाल लावला होता. तेव्हा आपण नेमके काय म्हटले, हे आज तपासून पाहावेसे वाटते.

इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी थांबणे, विसावणे या अर्थाचे उत्तरकालीन लॅटिन क्रियापद आहे; पुढे 'ठेवणे' या अर्थाच्या दुसऱ्या क्रियापदाशी त्याची सरमिसळ झाली. म्हणूनच इंग्रजीत प्रश्नही 'पोझ' करतात, म्हणजे मांडतात. चित्रकारापुढे स्थिर बसणे हीदेखील पोझच. १८३९ साली दागेरचे छायाचित्रणाचे तंत्र जाहीर झाले, तेव्हा एका प्रतिमेसाठी कित्येक मिनिटे लागत. पुढे व्यक्तिचित्रे निघू लागली, तेव्हा डोके हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार लावीत. तात्पर्य, खोटेपणा हा या शब्दाचा जन्मजात अर्थ नव्हे. तो मागाहून चिकटला.

चिकटल्यावर मात्र तो किती घातक ठरू शकतो, हे ऑस्कर वाइल्डच्या खटल्यात दिसले. १८ फेब्रुवारी १८९५ रोजी मार्क्वेस ऑफ क्वीन्सबरी यांनी लंडनच्या एका क्लबात वाइल्डसाठी कार्ड ठेवले. वाइल्ड समलिंगी संबंध ठेवतो, असे त्यात म्हटले नव्हते. तसा असल्याची 'पोझ' करतो, असा त्याचा आशय होता. वाइल्डने बदनामीची फिर्याद केली. प्रतिपक्षाला आता कृत्य सिद्ध करण्याची गरज नव्हती, 'भासवणे' सिद्ध केले की पुरे होते. म्हणून 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' ही कादंबरीच पुराव्यादाखल पुढे आली आणि एडवर्ड कार्सन या वकिलाने तिच्यावरून लेखकाची उलटतपासणी घेतली. फिर्याद कोसळली, वाइल्डला अटक झाली आणि मे महिन्यात दोन वर्षांची सक्तमजुरी. ती शिक्षा कृत्यांच्या साक्षींवरून झाली, हे खरे. पण कादंबरीला साक्षीला उभे करण्याची सोय या एका शब्दाने करून दिली होती.

समीक्षकालाही हा शब्द नेमक्या याच कारणासाठी आवडतो. त्याला पुरावा लागत नाही. मराठीत याच परिसरातले शब्द पाहा. 'भूमिका' नटाचीही असते आणि विचारवंताचीही, आणि दोन्हींचा आपण आदर करतो. 'पवित्रा' ही लढण्याची तयारी आहे, असत्य नव्हे. 'सोंग' उघड असते. बहुरूपी पोलीस नाही हे ठाऊक असूनही आपण त्याला दाद देतो. 'आव' आणला म्हणायचे तर काय नाही ते दाखवावे लागते, आणि 'ढोंग' म्हणायचे तर फसवण्याचा हेतू. यांपैकी कोणताही शब्द निवडायचा तर आधी कविता नीट वाचावी लागते. 'पोझ' म्हटले की ते कष्ट वाचतात.

माझे तेच झाले. त्या कवितांतला 'मी' फुटपाथवर झोपणारा होता आणि कवी महाविद्यालयात शिकवतो, एवढे मला ठाऊक होते. या दोहोंतल्या अंतरालाच मी खोटेपणा मानले. वस्तुतः ते सोंग होते, उघडपणे घेतलेले. ते वठले की नाही, एवढेच पाहणे माझे काम होते. संग्रह नुकताच पुन्हा वाचला. दोन-तीन कवितांत ते वठलेले नाही. उरलेल्यांत ते आपल्याला अस्वस्थ करण्याइतके वठले आहे. माझ्या परीक्षणात हे यायला हवे होते.