खिशात पैसे आहेत, पण बँक खातं उघडेना! बिलोलीतून परदेशात गेलेला मुलगा नेमका कुठे अडकतो?

बिलोलीहून बोधनच्या रस्त्याला लागायचं, मांजरा नदीवरचा येसगीचा पूल ओलांडायचा, की राज्य बदलतं. पाट्या मराठीतून तेलुगूत जातात. पण बँकेचं एटीएम कार्ड तेच चालतं, फोन पे तेच चालतं, आधार तेच चालतं. पलीकडच्या चहावाल्याला क्यूआर कोड स्कॅन करून दहा रुपये देताना कुणी पत्त्याचा पुरावा मागत नाही.

देशाची सीमा ओलांडली की हे सगळं एका दिवसात थांबतं. नांदेड-लातूरकडची मुलं शिकायला जर्मनी, ब्रिटन, कॅनडात जातात, कामाला आखातात जातात. तिथे पोचल्यावर पहिला मोठा अडथळा भाषेचा किंवा थंडीचा असेल असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा बँकेच्या काउंटरवर येतो. बँक म्हणते पत्ता दाखव. घरमालक म्हणतो आधी खात्यातून भाडं येऊ दे. कंपनी म्हणते पगार टाकायला खातं दे.

मराठवाड्याला हा अनुभव तसा नवा नाही. १९४८ पर्यंत बिलोली निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि संस्थानाचं चलन वेगळं होतं. त्याला लोक हाली सिक्का म्हणायचे, इंग्रजी मुलखातल्या रुपयाला कलदार. सरकारी हिशेब ७ हालीला ६ कलदार असा. म्हणजे बिलोलीचा माणूस पुण्या-मुंबईला निघाला, तर खिशातला पैसा आधी बदलून घ्यावा लागायचा. या हालीचा कारभार बघायला १९४१ मध्ये हैदराबाद स्टेट बँक निघाली. तीच पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली. हाली १९५९ पर्यंत चलनातून गेला. तेव्हा निदान पैसा बदलून काम भागायचं. आताच्या बँकेला पैशाआधी माणूस कोण आहे ते हवं असतं.

बँका एवढ्या का घाबरतात?

सरळ उत्तर म्हणजे दंडाच्या भीतीने. १९८९ मध्ये मोठ्या देशांनी मिळून एफएटीएफ नावाची संस्था काढली. काळा पैसा बँकांमधून फिरवला जाऊ नये, हे बघणं तिचं काम. पुढे दहशतवादाला जाणारा पैसाही त्यात आला. तिच्या निकषांवर प्रत्येक देशाने कायदे केले आणि त्यातूनच आपल्याकडे केवायसी आलं. ग्राहकाची ओळख न पटवता खातं उघडलं आणि पुढे त्यात गडबड निघाली, तर दंड बँकेला बसतो.

त्यामुळे काउंटरवरचा कर्मचारी काय करतो? कायदा जेवढं मागतो त्यापेक्षा दोन कागद जास्तच मागतो. नवीन आलेला विद्यार्थी त्याच्यासाठी कमी कमाईचा आणि जास्त कटकटीचा ग्राहक असतो. हा भाग समजून घेणं गरजेचं आहे. कारण ‘बँकेने नाही म्हटलं’ आणि ‘कायद्याने मिळत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जर्मनी: पैसे तिथेच आहेत, पण हातात येत नाहीत

सध्या महाराष्ट्रातून सगळ्यात जास्त विचारणा होते अशा देशांमध्ये जर्मनी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार केला, १० हजार कुशल कामगार पाठवायची घोषणा झाली आणि गावागावात जर्मन भाषेच्या क्लासची चर्चा सुरू झाली. विद्यार्थी तर त्याआधीपासून जातायत, कारण तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही.

पण व्हिसासाठी एक अट आहे. वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे पैसे आधीच ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. एक युरो १०० रुपयांचा धरला तरी जवळपास १२ लाख. हे खातं भारतात बसून ऑनलाइन उघडता येतं, म्हणून घरी सगळे खूश असतात की पोराचं खातं झालं.

गोम इथेच आहे. ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे रोजच्या वापरातलं खातं नव्हे. त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात, पण ते सुटायला जर्मनीत दुसरं, साधं चालू खातं लागतं. ते उघडेपर्यंत वडिलांनी जमीन तारण ठेवून उभे केलेले १२ लाख अॅपमध्ये फक्त दिसत राहतात.

साध्या खात्यासाठी बँक पत्त्याच्या नोंदणीचा कागद मागते. ही नोंदणी नगरपालिकेच्या कार्यालयात होते. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत ती करायची असते आणि त्यासाठी घरमालकाचा लेखी दाखला लागतो. मोठ्या शहरांत नोंदणीची वेळच लवकर मिळत नाही. ओळखीच्या मुलाच्या खोलीत गादी टाकून राहणाऱ्याला घरमालक दाखला देत नाही. पत्ता नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून पैसे नाहीत, पैसे नाहीत म्हणून खोली नाही.

आता जी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते ती. युरोपियन युनियनने २०१४ मध्येच कायदा केलाय की युनियनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला मूलभूत बँक खातं मिळालंच पाहिजे. जर्मनीत हा हक्क २०१६ पासून लागू आहे. तिथे त्याला ‘बाझिसकोंटो’ म्हणतात. कायमचा पत्ता नसलेल्यालाही तो हक्क आहे. पूर्ण भरलेला अर्ज मिळाल्यावर बँकेला १० कामकाजी दिवसांत निर्णय द्यावा लागतो. नकार दिला तर बाफिन या नियामक संस्थेकडे दाद मागता येते. अर्थात ओळख पटवण्यासाठी पासपोर्ट लागतोच आणि फीसुद्धा लागते. पण काउंटरवर नुसतं ‘खातं हवंय’ म्हणणं आणि ‘बाझिसकोंटोचा अर्ज द्या’ म्हणणं यात फरक पडतो.

तोपर्यंतच्या चार-सहा आठवड्यांचा खर्च मात्र वेगळा हाताशी हवा. फॉरेक्स कार्डवर किंवा थोड्या रोख रकमेत. एजंट हे सांगत नाहीत, कारण त्यांचं काम व्हिसा लागला की संपतं.

बाकीच्या देशांत काय?

कॅनडाचा कायदा ग्राहकाच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. नोकरी नसली, खात्यात टाकायला लगेच पैसे नसले, तरी योग्य ओळखपत्र दाखवणाऱ्याला बँकेने खातं द्यायचं असतं. तिथे अडचण आधीच्या पायरीवर आहे. विद्यार्थ्याने दाखवायची राहण्याच्या खर्चाची रक्कम १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर झाली आहे. २०२३ पर्यंत ती फक्त १० हजार होती.

ब्रिटनमध्ये गोंधळ कागदाचा आहे. तिथलं निवासाचं प्लास्टिक कार्ड २०२४ च्या अखेरीला बंद झालं आणि ई-व्हिसा आला. आता मुलाकडे दाखवायला कार्डच नसतं, ऑनलाइन शेअर कोड काढून द्यावा लागतो. विद्यापीठं बँकेच्या नावाने पत्ता लिहिलेलं पत्र देतात, ते पहिल्याच आठवड्यात मागून घेतलेलं बरं.

अमेरिकेत सोशल सिक्युरिटी नंबरशिवाय खातं मिळत नाही असा समज आहे. कायदा तसं म्हणत नाही, पासपोर्टवरही खातं उघडता येतं. फक्त कोणती बँक ते मान्य करते हे आधी विचारावं लागतं. आणि आता तिथे खातं असण्याचा एक थेट फायदा झालाय. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेतून बाहेर पाठवलेल्या पैशांवर १ टक्का कर लागू झाला आहे. तो रोख रक्कम, मनी ऑर्डर अशा मार्गाने पैसे दिले तरच लागतो. तिथल्या बँक खात्यातून किंवा तिथल्या डेबिट कार्डवरून पाठवले तर नाही.

आखाताची गोष्ट वेगळी आहे. पलीकडच्या निजामाबाद, जगतियाल पट्ट्यातून आखातात जाण्याची परंपरा कित्येक दशकांची आहे आणि सीमेलगतच्या मराठी गावांनाही तो रस्ता ठाऊक आहे. सौदीत इकामा हातात आल्याशिवाय खातं नाही, आणि इकामा काढणं मालकाच्या हातात. अमिरातीत २००९ पासून पगार सरकारी देखरेखीखालच्या यंत्रणेतून देणं बंधनकारक आहे. पण कमी पगाराच्या कामगाराला अनेकदा पूर्ण खात्याऐवजी नुसतं पगारकार्ड मिळतं. त्यातून पैसे काढता येतात, पण ते म्हणजे स्वतःचं बँक खातं असं समजू नये. कंपनी बदलली की ते कार्डही बदलू शकतं.

नावातलं एक अक्षर

खूप अर्ज पत्त्यावर नाही, नावावर अडतात. आणि याची सुरुवात परदेशात नाही, शाळेच्या दाखल्यात होते.

दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर आधी स्वतःचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि वडिलांचं नाव स्वतःच्या नावाला जोडलेलं. ब्लॉक्ड अकाउंट भरताना मुलाने वडिलांचं नाव वगळलं तर परदेशातल्या यंत्रणेला ही दोन वेगळी माणसं वाटतात. त्यात बिलोली, देगलूर, धर्माबाद पट्ट्यात ‘वार’ने संपणारी आडनावं भरपूर. इंग्रजीत एका कागदावर ‘वार’ला डब्ल्यू, दुसऱ्यावर व्ही. आपल्याकडे क्लार्क हसून चालवून घेतो. तिथलं सॉफ्टवेअर हसत नाही.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आणखी त्रास. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातीने एकच शब्दाचं नाव असलेल्या प्रवाशांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाकारायला सुरुवात केली होती. त्यामुळे व्हिसाचा अर्ज करण्याआधी पासपोर्टवर जे नाव आहे तेच, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने सगळीकडे करून घेणं हे पहिलं काम.

‘तुझं खातं वापरू दे, कमिशन देतो’

खातं उघडलं की दुसरा धोका येतो. नवीन मुलांना मेसेज येतो की तुझ्या खात्यात पैसे येतील, थोडे ठेवून बाकीचे पुढे पाठव. कधी तो ओळखीचाच सीनियर असतो. हा फसवणुकीचा पैसा असतो आणि खातं ज्याच्या नावावर तो पकडला जातो. ब्रिटनमध्ये अशा माणसाच्या नावावर सिफास नावाच्या यंत्रणेत ६ वर्षं शिक्का राहू शकतो, त्या काळात साधं खातं किंवा मोबाइलचा प्लॅन मिळणंही अवघड होतं. जर्मनीत ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होईलच असं नाही, कारण घोर निष्काळजीपणाने केलेलं मनी लाँडरिंगही तिथे गुन्हा आहे. विद्यार्थ्याच्या व्हिसावर याचा काय परिणाम होईल, वेगळं सांगायला नको.

आणि गावातल्या खात्याचं काय?

याकडे जवळपास सगळेच दुर्लक्ष करतात. नोकरीला किंवा शिकायला परदेशात गेलेली व्यक्ती फेमा कायद्याच्या नजरेत अनिवासी होते. तिचं गावातलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावं लागतं. तिकडची कमाई इकडे आणायला एनआरई खातं असतं, त्यावरच्या व्याजाला भारतात कर नाही. एनआरओच्या व्याजावर मात्र कर कापला जातो. गावातल्या ग्रामीण किंवा सहकारी बँकेच्या शाखेत ही सोय नसेल, तर निघण्याआधी जिथे आहे तिथे खातं काढलेलं चांगलं. नंतर कागद कुरिअरने पाठवत बसावे लागतात.

दुसरं म्हणजे ओटीपी. भारतीय सिम रिचार्जअभावी बंद पडलं की इकडचं नेट बँकिंगही गेलं. जानेवारी २०२३ मध्ये एनपीसीआयने १० देशांच्या मोबाइल नंबरवर यूपीआयला परवानगी दिली. त्यात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, सौदी, अमिराती होते, जर्मनी नव्हता. आणि तेही एनआरई किंवा एनआरओ खातं असेल तरच.

शेवटचा मुद्दा थेट वडिलांच्या खिशाचा. परदेशात एका आर्थिक वर्षात १० लाखांपेक्षा जास्त पाठवले तर वरच्या रकमेवर बँक टीसीएस कापते. जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम नेमकी या रेषेच्या थोडी वर जाते. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांवर एप्रिल २०२५ पासून हा टीसीएस नाही. पण शेतीच्या उत्पन्नातून, पिकाच्या पट्टीतून जमवलेले पैसे वडिलांच्या पॅनवर गेले, तर कापलेली रक्कम वडिलांच्या नावावर जमा दिसते. ती परत मिळवायची तर आयकर विवरणपत्र भरावं लागतं. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने अनेक शेतकरी ते कधीच भरत नाहीत. विवरणपत्र भरायची मुदत साधारण जुलैअखेरची असते आणि तेव्हा शेतात पेरणीनंतरची कामं सुरू असतात. त्यामुळे पैसे पाठवतानाच बँकेकडून टीसीएसचा दाखला मागून ठेवायचा आणि तो तालुक्याच्या कर सल्लागाराकडे वेळेत पोचवायचा.