‘काही नाही, घरीच असते’



सोलापूरच्या पूर्व भागात दुपारच्या वेळी कुठल्याही गल्लीत शिरा. ओट्यावर, उंबऱ्यात, बोळाच्या सावलीत मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बाया दिसतील. भिजवलेलं पान मापानं कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, टोक मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. हजार पुऱ्या होईपर्यंत हात थांबत नाही. अशाच एका ओट्यावर आमच्यातली एक जण वही-पेन घेऊन बसली आणि तिनं पहिला प्रश्न विचारला, “अक्का, तुम्ही काय काम करता?” हात न थांबवता उत्तर आलं, “काही नाही, घरीच असते.”

आम्ही हसलो. मग लक्षात आलं की सर्वेक्षणाचा छापील तक्ता हातात असता तर तिथे ‘गृहिणी’ या शब्दापुढे खूण करून आम्ही पुढच्या घरी गेलो असतो. आठ दिवसांनी तीच मैत्रीण त्याच ओट्यावर गेली आणि तिनं एवढंच विचारलं, “आज सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?” त्या दिवशी तासभर बोलणं चाललं. पाणी कधी आलं, पान कितीचं कमी पडलं, ते पदरच्या पैशानं कुठून आणलं, ब्रँचमध्ये किती विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या, शाळेतून आलेल्या मुलीनं जेवणाआधी किती वळून दिल्या. बाई तीच, ओटा तोच. प्रश्न बदलला होता.

गेले काही महिने आमच्यातल्या सात-आठ जणी हेच शिकत आहेत. विद्यापीठात याला गुणात्मक संशोधन म्हणतात. नाव जड आहे. त्यात येतं काय, तर मोकळी मुलाखत कशी घ्यायची, गटचर्चा कशी चालवायची, नुसतं बसून निरीक्षण कसं करायचं, सरकारी कागद कसा वाचायचा आणि या सगळ्याच्या नोंदी अशा ठेवायच्या की दुसऱ्या कुणाला त्या तपासता याव्यात. सुरुवातीला गटात कुरबूर झाली. “आपण कार्यकर्त्या. वीस-वीस वर्षं वस्त्या तुडवतोय. बायकांशी बोलायला आता आपण शिकायचं?” संपादक मंडळातलेही काही आवाज त्यात होते, हे कबूल करायला हवं.

तो ताठा पहिल्या मुलाखतीचं ध्वनिमुद्रण ऐकल्यावर उतरला. तासाभरातली चाळीस मिनिटं आम्हीच बोललो होतो. “पाठ दुखत असेल ना?” “मालक फसवतो ना?” “नवरा पीत असेल?” उत्तर आम्ही घरूनच नेलं होतं, ती बिचारी मान डोलवत होती. मोर्च्यासाठी बाई शोधायला जाणं वेगळं आणि तिचं आयुष्य समजून घ्यायला जाणं वेगळं. दोन्हीची गरज आहे, पण दोन्ही एकच आहेत असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो.

हे शिकायचं कशासाठी? कारण धोरण ठरतं ते व्याख्येवर, आणि व्याख्येत कोण बसतं ते ठरतं कुणी काय विचारलं यावर. विडी कामगार बायकांचा इतिहासच पाहा. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं घरी कच्चा माल नेऊन विडी वळणारीलाही कामगार मानलं. ‘ही आमची नोकर नव्हे’ असं मालक म्हणत राहिले. १९७७ मध्ये भविष्यनिर्वाह निधी विडी उद्योगाला लागू झाला, तरी घरबसल्या काम करणारीला तो मिळावा की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८५ मध्ये तिच्या बाजूनं निकाल लागला. निकाल लागल्यानं व्यवहार बदलतोच असं नाही. पान-तंबाखू बाईला ‘विकायची’ आणि विडी तिच्याकडून ‘विकत घ्यायची’, अशी कागदावरची युक्ती या धंद्यात देशात अनेक ठिकाणी वापरली गेली. तसं केलं की मालकही नाही आणि कामगारही नाही, उरतात फक्त दोन व्यापारी!

ही युक्ती आकडेवारीत दिसत नाही. बाईला “मजुरी किती?” असं विचारलं तर ती आकडा सांगते आणि विषय संपतो. “माल घरी आल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत काय काय होतं, ते क्रमानं सांगा” असं म्हटलं की कुणी कुठे काय कापलं ते एकेक करून बाहेर येतं.

दुसरं उदाहरण ओळखपत्राचं. १९७६ च्या कायद्यांनी विड्यांवर उपकर बसवून कल्याण निधी उभारला. दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरासाठी अनुदान यांचा तो आधार होता. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा हा उपकर रद्द झाला. या सगळ्या सोयींचं दार ओळखपत्रानं उघडतं. पण कार्ड एका बाईच्या नावावर आणि सुपाभोवती हात तिघींचे, सासूचे, सुनेचे आणि शाळकरी पोरीचे, हे चित्र वस्तीत नवं नाही. दप्तरी कामगार एकच. सून दहा वर्षं वळते आहे, तरी कागदावर तिनं एकही विडी वळलेली नाही. सासूच्या पश्चात तिचा हक्क कुठला? ‘लाभार्थी संख्या’ या रकान्याला हा प्रश्नच पडत नाही.

म्हणून आकड्यांना नावं ठेवावीत असं मात्र नाही. आकड्यांसाठी तर स्त्री चळवळीनं भांडणं केली आहेत. शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनमोबदला राबणं हेही काम आहे, हे १९९१ च्या जनगणनेच्या प्रश्नात स्पष्टपणे यावं म्हणून किती खटपट झाली! १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत वेळेच्या वापराची पहिली मोठी पाहणी झाली (महाराष्ट्र त्यात नव्हता), तेव्हा बाईचा दिवस कागदावर दिसायला लागला. किती जणी, हे आकडा सांगतो. कसं आणि का, हे बाई सांगते. एक अधिकारी आम्हाला म्हणाले, “पंधरा बायकांशी बोलून काय सिद्ध होणार?” सोलापुरात अमुक टक्के बायकांचं असं होतं, हे खरोखरच सिद्ध होणार नाही, आणि तसा दावा आपण कधी करू नये. पण एखादा नियम सरकारी टेबलावरून निघून ओट्यापर्यंत येताना कुठे वाकतो, हे पंधरा जणींकडूनही कळू शकतं. मात्र त्या पंधरा जणी नीट निवडलेल्या हव्यात. आपल्या ओळखीच्या, सभेला येणाऱ्या, बोलक्या बायकाच घेतल्या तर आपलंच म्हणणं आपल्याला परत ऐकू येईल. कार्ड नसलेली हवी, विडी सोडून दुसऱ्या कामाला गेलेली हवी, ब्रँचमधला कारकूनही हवा. आपल्याला न आवडणारं सांगणारी तर हवीच हवी.

तशी एक भेटली. तंबाखूनं तिचं अंग झिजतं आहे, हे आम्ही गृहीत धरलं होतं. ती म्हणाली, “धुणंभांडी करायला दुसऱ्याच्या दारात जाण्यापेक्षा हे बरं. माझ्या ओट्यावर मी मालकीण.” गटात दोन तास वाद झाला. तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारावर भारतानं २००४ मध्येच शिक्कामोर्तब केलं आहे आणि तंबाखूवर जगणाऱ्या कामगारांना पर्यायी रोजगार देण्याची भाषा त्यात आहे. पर्याय म्हणजे काय, हे शिवणयंत्रं वाटणाऱ्यांनी ठरवायचं की वळणारीनं? तिचं वाक्य खोडायचा मोह आम्हाला झाला, तो का झाला, हेही आम्ही नोंदवहीत लिहून ठेवलं आहे.

सोलापुरात आणखी एक अडचण आहे, ती पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत फारशी सापडत नाही. प्रश्न मराठीत, बाई तेलुगूत विचार करणारी, शेजारीण कानडी, पलीकडची दखनी बोलणारी. मग भाषांतराला शाळकरी मुलगी बसते. आईनं मुलीसमोर काय बोलायचं? आणि आई दोन मिनिटं बोलली, मुलीनं चार शब्दांत सांगितलं, मधलं गेलं कुठे? आता आम्ही मूळ शब्द देवनागरीत जसाच्या तसा टिपतो आणि अर्थ नंतर विचारतो. सासू बाजूला बसलेली असेल तर तेही लिहितो. त्या दिवशीच्या उत्तरांचा अर्थ त्यावर ठरतो.

कुंभारीला हे सगळं लावून पाहायला हवं. विडी कामगार बायकांच्या लढ्यातून गोदूताई परुळेकरांच्या नावानं तिथे दहा हजार घरं उभी राहिली, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. शेजारी रे नगरची पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली. बायकांच्या नावाची घरं, एवढ्या संख्येनं, ही मोठीच गोष्ट. ‘घर मिळालं का?’ याचं उत्तर ‘हो’. यापुढचे प्रश्न कोण विचारणार? ब्रँच किती लांब पडते, रिक्षाला किती जातात, पाणी कोण भरतं, रात्री आजारपण आलं तर काय करता, घर नावावर झाल्यावर घरातला आवाज बदलला का? यशस्वी योजनेचाही असा अभ्यास व्हावा. तिथून शिकायला जास्त मिळतं.

आपल्याकडे ही वाट नवी नाही. इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं देशभर फिरून असंघटित बायकांचं ऐकलं आणि १९८८ मध्ये ‘श्रमशक्ती’ हा अहवाल दिला. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायका शोधून काढून त्यांच्या मुलाखतींवर उभं केलेलं ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ मध्ये आलं. विद्यापीठाच्या पदव्यांसाठी ते लिहिलेलं नव्हतं, पण आज विद्यापीठं ते वाचतात.

या अंकात आमच्या मुलाखतींतले काही भाग दिले आहेत. नावं, गल्ल्या, ब्रँच सगळं बदललं आहे. कारण कोण बोललं हे ब्रँचमध्ये ओळखलं गेलं तर दुसऱ्या दिवशी तिच्याच विड्या खराब ठरतील. दोघींनी छापायला नको म्हटलं, त्यांचं छापलेलं नाही. त्यातली एक मुलाखत सर्वांत चांगली होती.

ओट्यावरच्या त्या अक्कानं निघताना विचारलं होतं, “एवढं लिहून नेताय, मला कधी वाचून दाखवणार?” पुढच्या महिन्यात तिच्याच ओट्यावर वाचन ठेवलं आहे. मराठी मजकूर आहे, तेलुगूत वाचून दाखवणारी मैत्रीण अजून मिळालेली नाही. वाचकांपैकी कुणाला जमत असेल तर जरूर कळवावं. रविवार सोडून, कारण रविवारी तिला धुणं असतं.