तसबीर मागून घ्यावी

मोरोक्कोतील फेस शहरी जाणाऱ्या हौशी छायाचित्रकारांना एक सल्ला हटकून दिला जातो: कॅमेरा लहान घ्या, कमरेपाशी धरा आणि समोरच्याला कळण्याआधी खटका दाबून पुढे चला. ह्या सल्ल्यामागे आँरी कार्तिए-ब्रेसाँ ह्यांचा 'निर्णायक क्षण' उभा केला जातो. हा शब्दप्रयोग त्यांच्या १९५२ सालच्या ग्रंथाच्या इंग्रजी शीर्षकाने रूढ झाला. मूळ फ्रेंच शीर्षकात मात्र, परवान्याशिवाय रस्त्यावर घाईघाईने माल विकून पसार होणाऱ्यांसाठी वापरला जाणारा वाक्प्रचार आहे. म्हणजे त्या क्षणाला आरंभापासूनच चोरटेपणाची छटा होती. आमचे मत असे की, फेसमध्ये ही चोरी वर्तन म्हणून अशोभनीय आहेच, पण कला म्हणूनही तोट्याची आहे.

प्रथम प्रकाशाचा विचार करू. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाची महती सर्वत्र गायली जाते. परंतु फेस अल-बाली ह्या जुन्या शहराच्या (१९८१ पासून हे जागतिक वारशाच्या यादीत आहे) गल्ल्या इतक्या अरुंद आणि भिंती इतक्या उंच की त्या वेळी ऊन जमिनीपर्यंत पोचतच नाही. ते उतरते मध्यान्हीच्या सुमारास, आणि तेही पट्ट्यापट्ट्यांनी. असा एखादा पट्टा हेरून तिथे थांबावे. मोटारी इथे शिरत नाहीत. माल खेचरांवरून जातो आणि 'बालाक!' अशी आरोळी आली की भिंतीला चिकटून वाट द्यावी लागते. थांबणाऱ्याला हे शहर दिसते, पळणाऱ्याला फक्त पाठी दिसतात. शुक्रवारी बहुतेक दुकाने बंद असतात. ज्याला दगड, लाकूड आणि सावल्या टिपायच्या आहेत त्याने तो दिवस राखून ठेवावा.

आता माणसांविषयी. कॅमेरा दिसताच इथली माणसे तोंड फिरवतात, ह्याचे कारण पाहुणे धर्मात शोधून मोकळे होतात. ते अपुरे आहे. फ्रेंच राजवटीच्या काळात उत्तर आफ्रिकेतील स्त्रियांची, स्टुडिओत बसवून रचलेली चित्रे पोस्टकार्डांवर छापून युरोपभर विकली गेली. अल्जेरियन लेखक मालेक अल्लुला ह्यांनी १९८१ साली त्यांचे परखड विश्लेषण केले. शेजारच्या अल्जेरियात १९६० साली मार्क गारांजे ह्या फ्रेंच सैनिकाला ओळखपत्रांसाठी खेड्यांतील स्त्रियांची छायाचित्रे घेण्याचा हुकूम झाला. सुमारे २,००० स्त्रियांना बुरखा उतरवून कॅमेऱ्यासमोर बसवण्यात आले. ती चित्रे आज पाहिली तर त्यांतील डोळे पाहणाऱ्यावरच आरोप ठेवतात. जिथे कॅमेरा हुकमाने आला, तिथे नकार हा संकोच नसून स्मरण असू शकते.

शुआरा येथील चामडे कमावण्याच्या कुंडांचे दृश्य तर सर्वांच्या संग्रही असते. भोवतालच्या दुकानांच्या गच्चीवर पाहुणे उभे राहतात, दुर्गंधीवर उतारा म्हणून हाती पुदिन्याची काडी मिळते, आणि खाली चुन्याच्या व कबुतरांच्या विष्ठेच्या पाण्यात उतरलेली माणसे रंगांच्या पटावरील ठिपके होऊन जातात. मुंबईकरांना हे नवे नाही. महालक्ष्मीच्या पुलावरून धोबीघाटाकडे रोखलेले कॅमेरे आपण पाहिले आहेत, आणि त्या चित्रांत आपली माणसे किती लहान दिसतात हेही जाणले आहे. उंचीवरून काढलेले चित्र खोटे नसते. पण त्यात कष्ट उरत नाहीत, केवळ नक्षी उरते.

विचारले की सहजता मरते, असा आक्षेप घेतला जाईल. तो निराधार नाही. विचारताक्षणी माणूस ताठ होतो. पण त्यावर उपाय न विचारणे हा नसून अधिक थांबणे हा आहे. मोरोक्कोत वाढलेल्या लैला अलावी ह्यांनी फिरता स्टुडिओ घेऊन गावोगावच्या बाजारांत लोकांना उघडपणे समोर उभे केले. २०१६ च्या जानेवारीत वागाडुगू येथील हल्ल्यात जखमी होऊन त्यांचा अकाली मृत्यू झाला. त्यांची 'मोरोक्कन' ही मालिका मात्र संमतीने काढलेल्या चित्रात किती ताकद असते ह्याची साक्ष देत राहिली आहे.

म्हणून आमच्या सूचना थोड्या आहेत. कारागिराच्या दुकानाशी आधी बसावे, चहा नाकारू नये, कॅमेरा नंतर काढावा. नकाराला 'शुक्रान' म्हणून पुढे जावे. पोलीस आणि लष्कराची चित्रे घेऊ नयेत. ड्रोन नेऊच नये, २०१५ पासून त्यावर निर्बंध आहेत. मशिदींत मुस्लिमेतरांना सहसा प्रवेश नसतो. करावीयीनचे अंगण दारातून दिसते तेवढ्यावर समाधान मानावे. पुढे माराकेशच्या जमा अल-फना चौकात गेल्यास, गारुडी आणि वादक पैसे मागतील. ती लूट नव्हे, त्यांची मजुरी आहे. ती आधी ठरवावी.

विचारण्यासाठी भाषेची अडचण सांगू नये. छायाचित्राला तिथे 'तस्वीरा' म्हणतात आणि आपली 'तसबीर' त्याच अरबी मुळाची. 'मुमकिन' हा शब्दही आपल्या कानांना परका नाही. हे दोन शब्द उच्चारण्याइतका धीर ज्याला नाही, त्याने फेसच्या भिंतींचीच चित्रे काढावीत. त्याही सुंदर आहेत, आणि त्यांची हरकत नसते.