विटाळ किरणांचा की माणसांचा?

११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप झाला, त्सुनामी आली आणि फुकुशिमा दाईची अणुवीज केंद्राच्या तीन भट्ट्यांमधले इंधन वितळले. 'किरणोत्सर्ग गरीब-श्रीमंत पाहत नाही' असे अशा वेळी हमखास सांगितले जाते. किरणे पाहत नसतील, पण व्यवस्था नीट पाहून घेते.

पहिला प्रश्न, वीज कोणाची? हे केंद्र टोकियोला वीज पुरवणाऱ्या कंपनीचे. वीज जायची टोकियो परिसराला. फुकुशिमातल्या घरांना वीज देणारी कंपनी दुसरीच. म्हणजे उजेड महानगराला आणि धोका गावाला! घरदार सोडून निघावे लागलेल्यांची संख्या दीड लाखाहून अधिक होती.

दुसरा प्रश्न, सफाई कोणी केली? कंपनीखाली कंत्राटदार, त्याखाली उपकंत्राटदार, त्याखाली आणखी एक. ही उतरंड आपल्याला ओळखीची आहे. वरून खाली येताना मजुरी घटत जाते आणि धोका वाढत जातो. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त किरणोत्सर्ग अंगावर घेतला की कामगाराला काम सोडावे लागते. म्हणून एका उपकंत्राटदाराने मजुरांना किरणमापकावर शिशाचे आवरण चढवायला लावले, हे २०१२ मध्ये उघड झाले. सफाईसाठी स्टेशनवर झोपणाऱ्या बेघरांना गाठून नेल्याचेही २०१३ मध्ये समोर आले. किरणोत्सर्गामुळे कामगाराचा मृत्यू झाल्याचे सरकारने पहिल्यांदा मान्य केले ते २०१८ साली. गटारात गुदमरून मरणारा आपला माणूसही कंत्राटदाराचाच असतो. मूळ मालकाचे हात दोन्हीकडे कोरडे.

तिसरा प्रश्न विटाळाचा. फुकुशिमाहून आलेल्या विस्थापितांकडे त्सुकुबा शहरात 'किरणोत्सर्ग नाही' असा दाखला मागितला गेला. योकोहामात अशाच एका विस्थापित मुलाला वर्गातली मुले 'जंतू' म्हणून हाक मारत. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांची लग्ने याच भीतीपोटी अडत. चामड्याची आणि मेलेल्या जनावरांची कामे करणाऱ्या बुराकुमिनांना १८७१ मध्ये कायद्याने मुक्त करूनही भेदभाव संपला नाही, तो हाच देश. हे सगळे म्हणजे जातिव्यवस्था, असे आम्ही म्हणत नाही. जात जन्माने चिकटते आणि तिला धर्मशास्त्राचा आधार असतो. पण घाण करणारा शुद्ध आणि घाण अंगावर पडलेला अशुद्ध, हा उलटा न्याय आम्ही कुठेही ओळखतो.

आणि जबाबदार कोण? जपानी संसदेच्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये ही दुर्घटना मानवनिर्मित ठरवली. तरी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाईसाठी सरकार जबाबदार नसल्याचा निकाल दिला. कंपनीचे माजी वरिष्ठ अधिकारी फौजदारी खटल्यात २०१९ मध्ये निर्दोष सुटले, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. दुर्घटना माणसाने घडवलेली, पण गुन्हेगार एकही माणूस नाही!

मित्रहो, हे फक्त जपानपुरते नाही. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. तिथल्या पुढच्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. रत्नागिरीत जैतापूरला सहा भट्ट्यांचा प्रकल्प प्रस्तावित आहे.

आम्ही विजेचे विरोधक नाही. मजूरमंत्री असताना देशाच्या वीजधोरणाचा पाया घालणाऱ्या बाबासाहेबांचे आम्ही अनुयायी आहोत. वीज सर्वांची असेल तर तिचा धोकाही सर्वांनी वाटून घ्यावा, एवढेच आमचे म्हणणे. म्हणून प्रकल्पाच्या बाजूने वा विरोधात घोषणा देण्याआधी आपण तीन गोष्टी विचारायच्या. कंत्राटी कामगाराच्या अंगावर पडलेल्या किरणोत्सर्गाची नोंद कोणाच्या हातात आहे आणि ती त्याला मिळते का? वीस वर्षांनी तो आजारी पडला तर उपचाराचा खर्च कोण देणार? उठवलेल्या गावातल्या भूमिहीनाला, ज्याच्या नावावर सातबारा नाही, काय मिळणार?

याची उत्तरे लेखी मिळेपर्यंत 'सुरक्षित' या शब्दावर आपण विश्वास ठेवायचा नाही.

जय भीम.