चिखलातला मुनारा शोधायलाच हवा

मागच्या इलाखा बैठकीत एक प्रश्न निघाला आणि त्यावर बराच वाद झाला. सामूहिक वनहक्काच्या दाव्यासाठी गावाची हद्द लिहायची आहे. त्यासाठी जंगलातले जुने मुनारे शोधत हिंडायचं की नाही? काही जणांनी सरळ नाही म्हटलं. त्यांचं म्हणणं असं: मुनारे सरकारने बांधले, आपल्याला न विचारता बांधले. आपली शीव वाडवडिलांनी आणि देवांनी ठरवलेली. डोंगराची धार, नाला, मोठा दगड, देवाचं झाड, मेलेल्यांच्या नावाने उभे केलेले दगड, ही आपली हद्द. ज्याने जंगल काढून घेतलं त्याचीच रेघ आपण कशाला शोधायची?

हे बोलणं खोटं नाही. बोलणारे आपलेच जाणते लोक आहेत. तरीही आमचं मत वेगळं पडलं. मुनारा शोधायला जायचं, चिखल तुडवून जायचं, आणि तो सापडला की त्याची साक्ष लिहून घ्यायची, असं आम्हाला वाटतं. का, ते इथे मांडतो. गोटुलात किंवा समाजमंदिरात बसून हे वाचा, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा आणि मग तुमच्या गावात ठरवा.

आधी कायदा काय म्हणतो ते पक्कं करू. २००६ चा वनहक्क कायदा सामूहिक वनसंपत्ती कशाला म्हणतो? गावाच्या पारंपरिक किंवा रूढीच्या हद्दीतल्या सामाईक जंगलाला. कायद्यात ‘मुनाऱ्याच्या आतलं’ असा शब्द कुठेच नाही. राखीव जंगल असो, संरक्षित असो, अभयारण्य असो, गावाचा वापर तिथवर होता तर दावा तिथवर करता येतो. म्हणून हद्द सांगण्याचा पहिला मान आपल्या म्हाताऱ्यांचा, गायता-भूमियाचा, ग्रामसभेचा. हे कोणी विसरायचं नाही.

मग मुनारा कशाला? कारण कचेरीत समोरचा माणूस कागद काढतो, आणि त्या कागदावरची रेघ मुनाऱ्यांवर टेकलेली असते. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम २० बघा. जंगल राखीव करताना त्याची हद्द, खुणा उभारून किंवा दुसऱ्या रीतीने, नेमकी सांगावी लागते. कलम २१ म्हणतं की त्या जाहीरनाम्याचं तिथल्या भाषेतलं भाषांतर आजूबाजूच्या गावांत प्रसिद्ध झालं पाहिजे. आपल्या गावात ते कधी कोणी वाचून दाखवलं का, हे म्हाताऱ्यांना विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. मुद्दा असा की सरकारी रेघ हवेत नसते. अमुक मुनाऱ्यापासून तमुक मुनाऱ्यापर्यंत, अशी ती चालते. मधला एक मुनारा हरवला की रेघ सैल होते. आणि सैल झालेली रेघ गावाच्या बाजूला सरकते, जंगलाच्या बाजूला सरकलेली आम्ही तरी पाहिली नाही.

मुनारा हरवतो कुठे? जिथे कोणी जात नाही तिथे. कोरड्या जागेवरचा, रस्त्याकाठचा मुनारा सगळ्यांना दिसतो, त्याला चुना लागतो, त्यावर आकडा नव्याने रंगवला जातो. नाल्याच्या पोटातला, पाणथळातला मुनारा एकदा दृष्टीआड झाला की पिढीभरात विसरला जातो. मग पुढे कधीतरी झाडांवर रंगाचे पट्टे मारत येणारा माणूस चिखल टाळतो आणि कोरड्या वाटेने पट्टे मारत जातो. दहा वर्षांनी तो पट्टाच हद्द होऊन बसतो.

आमच्या इलाख्यातल्या एका गावात हेच झालं आहे. गावाचं नाव इथे घेत नाही, दावा अजून चालू आहे. पट्टे कोणी मारले तेही लिहीत नाही, कागद हातात आल्यावर ते आपोआप कळेल. पण शोध कसा घेतला ते सांगतो, कारण ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे.

तिथे गावाच्या उत्तरेला दोन नाले मिळतात आणि मधे मोठं पाणथळ आहे. जांभूळ, अर्जुन, उंबर दाटीने उभे, काठाला बांबूच्या रांज्या, खाली काळा चिखल. पावसाळ्यात तिथे जाताच येत नाही. माघ महिन्यात, मोहफुलं लागायच्या आधी, आम्ही गेलो. तेव्हा पाणी ओसरलेलं असतं आणि उन्हाळ्याची आग अजून लागलेली नसते. आम्ही चौदा जण होतो. त्यातले पाच शेजारच्या गावचे, त्यांना आम्ही मुद्दाम बोलावलं होतं.

वाट दाखवली एका आजीने. पुरुषांपैकी कोणाला त्या चिखलातली वाट ठाऊक नव्हती. आजी लहानपणापासून तिथे मासे आणि खेकडे धरायला जायची. काठी आधी टाकायची, पाय नंतर. झाडाच्या मुळावरून मुळावर जायचं, मोकळा सपाट चिखल दिसला तर तिथे पाय द्यायचा नाही. चपला सगळ्यांनी हातात घेतल्या होत्या. गुडघ्याच्या वर चिखल लागला, दोघे कमरेपर्यंत गेले, त्यांना काठ्या देऊन ओढून काढलं. जळवा लागल्या. रानडुकरांची पायवाट धरून शेवटी एका उंचवट्यावर चढलो, तर तिथे उंबराच्या मुळांनी आवळून धरलेला दगडांचा गोल ढीग. अर्धा ढासळलेला. वरचा घडीव दगड बाजूला कलंडलेला, शेवाळाने हिरवा.

शेवाळ हाताने पुसलं आणि राख चोळली तर कोरलेला आकडा वर आला. दोन अंक स्वच्छ, तिसऱ्या अंकावर दगड फुटलेला. आम्ही दोनच अंक लिहिले आणि तिसरा वाचता येत नाही असं लिहिलं. पोरांपैकी एक जण म्हणाला, पुढचा आकडा कोणता असणार ते तर कळतंच आहे, लिहून टाकू. आम्ही लिहू दिला नाही. जो अंक दिसत नाही तो आपण भरला, तर जे दिसतं त्यावरही उद्या कोणी विश्वास ठेवणार नाही.

गावात परतल्यावर ऐंशीच्या पुढचे एक आजोबा म्हणाले, हा ढीग रचताना मी बापाबरोबर दगड वाहिले आहेत. लहान होतो, डोक्यावर दोन-दोन दगड घ्यायचो. मजुरी? कोणी दिली नाही. हे त्यांनी ग्रामसभेसमोर सांगितलं, ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं, त्यांचा अंगठा घेतला. वनहक्काच्या नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी केलेलं सांगणं त्यात आहे. विहिरी, दफनभूमी, देवस्थानं अशा जुन्या खुणाही त्यात आहेत. सरकारी नकाशे आणि वनविभागाच्या कार्य आयोजना त्याच यादीत आहेत. म्हणजे आजोबांचा शब्द आणि कचेरीतला नकाशा एकाच यादीत बसतात. आजोबांचं सांगणं कमी दर्जाचं, असं कोणी म्हणालं तर हा नियम पुढे करा.

आता त्या मुनाऱ्याने काय दाखवलं? तिथून रंगाच्या पट्ट्यापर्यंत परत यायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासाच्या जंगलात गावची चराई आहे, तेंदू आहे, मोह आहे, आणि तीन पिढ्यांच्या मेलेल्या माणसांचे दगड आहेत. पट्टा हीच जुनी हद्द आहे, असं आजवर गावाला सांगितलं जात होतं. तिथल्या बाया पानं तोडायला गेल्या की त्यांच्याकडून कुऱ्हाडी-विळे हिसकावले गेले. जुनी हद्द तिथे नव्हतीच, हे आता दगडच सांगतो आहे.

पण इथेच सावध राहायचं. बैठकीतल्या जाणत्यांची भीती इथे खरी आहे. मुनारा सापडल्याच्या आनंदात ‘आमची हद्द मुनाऱ्यापर्यंत’ असं दाव्यात लिहून बसलो तर घात होईल. त्या गावाचा वापर मुनाऱ्याच्याही पलीकडे, डोंगराच्या धारेपर्यंत होता आणि आहे. बांबू तिथून येतो, मध तिथून येतं, देव तिथे आहे. म्हणून दाव्यात दोन वेगळ्या गोष्टी लिहायच्या. एक, आमची रूढीची हद्द डोंगराच्या धारेपर्यंत. दोन, सरकारची जुनी खूण अमुक ठिकाणी सापडली, आणि आजचे पट्टे तिच्या अलीकडे, गावाकडे सरकलेले आहेत. पहिलीवर आपला हक्क उभा आहे. दुसरीमुळे समोरच्याचं म्हणणं पडतं. दोन्हींची सरमिसळ करायची नाही.

शेजारच्या गावाला का नेलं? त्यांच्या म्हाताऱ्यांनाही तो दगड ठाऊक होता, वेगळ्या नावाने. त्यांच्या सांगण्यात ती दोन गावांची शीव आणि पाणथळातली मासेमारी दोघांची. बांबूला आणि तेंदूला पैसा आला की शिवेवरून भांडणं लागतात, आणि दोन गावं भांडली की दोघांचेही दावे कपाटात पडून राहतात. नियम १२ मध्ये यासाठी सोय आहे. हद्दीबद्दल दोन गावांचं म्हणणं वेगळं असेल, किंवा एकच जंगल दोघं वापरत असतील, तर दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून विचार करायचा आणि निष्कर्ष आपापल्या ग्रामसभेला लेखी द्यायचा. आधी भांडण करून मग बसण्यापेक्षा आधीच सोबत चालत गेलेलं बरं. चिखलात एकमेकांचा हात धरावाच लागतो.

आता कामाच्या गोष्टी.

मुनारा सापडला तर त्याला हलवू नका, फोडू नका, सरळ करू नका, रंग लावू नका, खाली खणू नका. वन कायद्याच्या कलम ६३ खाली हद्दीची खूण हलवणं, बदलणं, मोडणं हा गुन्हा होऊ शकतो आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. कलंडलेला दगड कलंडलेलाच राहू द्या. तसाच तो आपल्या कामाचा आहे.

पडताळणीला जायच्या आधी वनहक्क समितीने वनविभागाला आणि महसूल विभागाला लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे त्यांनी हजर राहून कार्यवाहीवर सही करायची असते. आले नाहीत आणि पुढे ‘आम्ही नव्हतो’ म्हणून हरकत घेतली, तर दावा फेरपडताळणीला ग्रामसभेकडे परत येतो. तेव्हाही आले नाहीत तर पडताळणीबद्दल ग्रामसभेचा निर्णय अंतिम. म्हणून पोचपावती जपून ठेवा, ती मुनाऱ्याइतकीच महत्त्वाची आहे.

जागेवर पंचनामा करा. तारीख, कोण कोण होतं, कुठून कसे गेलो, किती वेळ लागला, दगड कसा दिसतो, आकडा काय वाचता आला, आजूबाजूला कोणती झाडं, कोणता नाला कोणत्या बाजूला. मोबाइलमध्ये फोटो आणि जागेचे आकडे घ्या. पण हाताने काढलेला नकाशाही करा, आणि त्यावर आपल्या भाषेतली ठिकाणांची नावं लिहा. उपग्रहाचा नकाशा इतर पुराव्यांना जोड म्हणून चालतो, त्यांच्या जागी नाही, हे नियमातच लिहिलं आहे.

कागद मागवा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर. काय मागायचं? राखीव जंगलाचा जाहीरनामा आणि त्यातलं हद्दीचं वर्णन, आपल्या कक्षांचा नकाशा, गावाचं निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज, भूमी अभिलेखाचा गाव नकाशा. लक्षात ठेवा, गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये झाला. त्याआधी आपण चंद्रपुरात होतो, आणि १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात. आपल्याकडची बरीच जंगलं १९५१ मध्ये जमीनदारी जाईपर्यंत जमीनदारांकडे होती. तेव्हा एका कचेरीने ‘आमच्याकडे नाही’ म्हटलं तर थांबू नका, चंद्रपूरला आणि नागपूरलाही विचारा.

आणि बायांना पुढे ठेवा. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया असल्याच पाहिजेत, हे कायद्याने सांगितलं. पण त्या दिवशी आजी नसती तर आम्ही काठावरूनच परत आलो असतो. भाजी, मासे, कंद, लाकूड यांसाठी जंगलाच्या कोपऱ्यात जाणाऱ्या बायाच असतात. हद्दीचं सांगणं लिहून घेताना त्यांना मागे बसवलं तर अर्धी हद्द लिहायचीच राहील.

मेंढा-लेखा आणि मर्दा या गावांना २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाले. मेंढ्याचं जंगल १८०० हेक्टरच्या आसपास. ते आपल्याच जिल्ह्यातले, आपल्यासारखेच लोक. त्यांनी अभ्यास केला, बसून ठरवलं आणि चिकाटी सोडली नाही. आपल्यालाही तेच करायचं आहे.

दगड वाहिलेले आजोबा या पावसाळ्यात आजारी होते. ज्यांना या गोष्टी आठवतात अशी माणसं प्रत्येक गावात दोन-चारच उरली आहेत. चिखलात दगड आणखी पन्नास वर्षं टिकेल, पण त्याच्याबद्दल सांगणारं कोणी राहणार नाही. म्हणून आमची विनंती आहे: येत्या माघात, मोह लागायच्या आत, प्रत्येक गावाने एक दिवस काढावा. म्हाताऱ्यांना आधी विचारा, जमलं तर सोबत घ्या, नाहीतर त्यांनी सांगितलेली वाट लिहून घेऊन जा. शेजारच्या गावाला निरोप द्या. काय सापडलं, काय नाही सापडलं, दोन्ही या पत्रकाकडे कळवा. पुढच्या अंकात सगळ्या गावांचं एकत्र छापू.

जोहार!