सहलीला सगळे चला

पावसाळा सुरू झाला की कारखान्याच्या गेटवर, कँटीनमध्ये आणि लोकलच्या डब्यात एकच विषय निघतो. यंदा कुठे जायचे? कोणी भुशी धरण म्हणते, कोणी माळशेज घाट, कोणी ताम्हिणी. तारीख ठरते, वर्गणीचा आकडा ठरतो आणि मग आपल्या घरांत दुसरी चर्चा सुरू होते. "पैसे वर आलेत का?" "पाणी बघायला इतक्या लांब कशाला जायचे? इथे वस्तीत काय कमी पाणी तुंबते?" असे बोलणे आम्ही आमच्या घरात ऐकले आहे, वाचकांनीही ऐकले असेल. त्यात दोष कोणाचा नाही. ज्यांच्या दोन पिढ्यांची सुट्टी लग्न, मयत आणि आजारपण यांतच संपली, त्यांना सहल ही साहेब लोकांची चैन वाटली तर नवल काय?

पण सुट्टी ही चैन नाही. ती भांडून मिळवलेली वस्तू आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, सह्यांचे अर्ज केले. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. पुढे १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९४५ साली, कारखान्यांच्या कायद्यात पगारी रजेची तरतूद झाली आणि १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. म्हणजे रविवारी सकाळी आपण डबा बांधून घराबाहेर पडतो, तेव्हा आपल्यामागे कोणाची तरी मेहनत उभी असते. तो दिवस नुसता झोपून काढावा की मुलाबाळांना चार डोंगर दाखवावेत, हे ज्याने त्याने ठरवावे. आम्ही डोंगराच्या बाजूने आहोत.

आम्ही काम करतो त्या खात्याची सहल गेल्या पावसाळ्यात भाजे येथे गेली. कंपनीचे नाव देण्याचे कारण नाही, कारण आम्ही सांगणार आहोत ते पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही शेडमध्ये घडते. पहिली यादी झाली ती फक्त कायम कामगारांची. कॉन्ट्रॅक्टवरची मुले, पॅकिंगच्या बायका, झाडलोट करणाऱ्या मावशी यांची नावे त्यात नव्हती. कोणी मुद्दाम गाळली असे नाही, कोणाला सुचलीच नाहीत. स्टोअरमधल्या मामांनी यादी हातात घेतली, वाचली आणि म्हणाले, "यादी हजेरीपटावरून करू नका, कामावरून करा." मग चौदाचे तेवीस झालो. कायम कामगारांनी अडीचशे रुपये काढायचे आणि कॉन्ट्रॅक्टवाल्यांनी शंभर, असे ठरले. मावशींना ते पटले नाही. "शंभरची दया नको. मी तीस भाकरी आणि ठेचा आणते, ती माझी वर्गणी," असे त्यांनी सरळ सांगितले.

पॅकिंगमधल्या एका ताईंच्या घरून परवानगी मिळेना. परक्या पुरुषांबरोबर दिवसभर बाहेर, हे तिच्या मालकांना रुचत नव्हते. आमच्यातल्या दोघी जणी आणि मामा त्यांच्या घरी गेले, चहा घेतला, कोण कोण येणार ते सांगितले, परतीच्या लोकलची वेळ सांगितली आणि "भाऊ, तुम्हीही चला की मुलीला घेऊन," असे म्हणाले. भाऊ आले नाहीत, पण ताई आणि त्यांची मुलगी दोघी आल्या. बारा वर्षे पिंपरीत राहून त्या कधी तळेगावच्या पुढे गेलेल्या नव्हत्या.

भाज्याला जाणे कामगार माणसाला परवडते. पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्टेशनला उतरायचे, एक्सप्रेस वे ओलांडून पायी भाजे गावात जायचे. समोर लोहगड आणि विसापूर हे किल्ले ढगांत बुडालेले असतात. गावातून पायऱ्या चढून वर गेले की डोंगराच्या कुशीत बावीस लेणी आहेत आणि त्यांच्या शेजारीच पावसाळ्यात धबधबा कोसळतो. आमच्या मुलांनी तो पाहिला आणि चपला हातात घेऊन जी धाव घेतली, ती आवरता आवरेना.

आता इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. सह्याद्रीचा दगड म्हणजे लाव्हाच्या थरांचा काळा बसाल्ट. तो पाणी फारसे पिऊन घेत नाही. वरच्या पठारावर सर आली की पाणी उतारावरून थेट ओढ्यात येते. खाली आपल्या डोक्यावर रिमझिम असते, वर मात्र मुसळधार लागलेली असते. म्हणून धबधब्याचे पाणी दहा-पंधरा मिनिटांत दुप्पट होते. आमचे मामा मुळशी खोऱ्यातले, त्यांना हे लहानपणापासून ठाऊक. कॉन्ट्रॅक्टवरची दोन तरणी पोरे फोटोसाठी धबधब्याच्या वरच्या टप्प्यावर चढू लागली, तेव्हा मामांनी त्यांना हाक मारून खाली घेतले. पोरे नाराज झाली. थोड्या वेळाने पांढरे पाणी तांबूस दिसू लागले, त्यात पाने आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाजही जड झाला. मामांनी शिट्टी मारली आणि सगळ्यांना एकदम बाहेर यायला सांगितले. आम्ही मुलांना उचलूनच बाहेर आणले. ज्या दगडावर पॅकिंगच्या ताईंची मुलगी बसली होती, तो दगड थोड्याच वेळात पाण्याखाली गेला. कोणी काही बोलले नाही. ती दोन पोरे गुपचूप मामांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

याच मावळ तालुक्यात ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुले होती. पाण्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभे असलेले ते कुटुंब साऱ्या महाराष्ट्राने चित्रफितीत पाहिले. १५ जून २०२५ रोजी, तोही रविवारच, कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. हे सारे लोक आपल्यासारखेच सुट्टीला आलेले होते. म्हणून आम्ही म्हणतो, सहलीला जरूर जा, पण जाताना पाणी ओळखणारा एक माणूस बरोबर घ्या आणि त्याचे ऐका.

पाऊस वाढला तसे आम्ही सगळे लेण्यांत शिरलो. मोठ्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे ते लाकूड अजून जागेवर आहे, हे सांगितल्यावर आमच्या सुतारखात्यातल्या माणसाने मान वर केली ती बराच वेळ खाली घेतलीच नाही. कोणीतरी नेहमीचे बोलले, "पांडवांनी एका रात्रीत खोदली म्हणतात." त्याला समजावून सांगावे लागले की ही बौद्ध लेणी आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात त्यांचे काम सुरू झाले आणि ती एका रात्रीत नाही, पिढ्यानपिढ्या छिन्नी चालवून कोरली गेली. ज्यांनी खर्च केला त्यांची नावे दगडावर आहेत. पावसाळ्यात भिक्खूंनी फिरस्ती थांबवून एका जागी वर्षावास करायचा, त्यासाठी असा निवारा उपयोगी पडे. पावसाचे पाणी साठवायला खडकात टाकी खोदली आहेत. त्यांतले एक टाके महारठी विण्हुदत्ताने दान केले, असा लेख तिथे आहे. एका विहाराच्या ओसरीत जोडीचे वाद्य वाजवणारी आणि तिच्या तालावर नाचणारी अशा दोन बायका कोरल्या आहेत, त्या मुलींना फार आवडल्या.

आणि महारठी हा मोठा माणूस, पण दान काही मोठ्यांनीच दिले असे नाही. एका विहारात खोलीच्या दाराशी एका बाईचे नाव कोरलेले आहे. ती हालिकाची, म्हणजे नांगर धरणाऱ्याची बायको. अभ्यासकांनी तिचे नाव बोधी असेही वाचले आहे आणि बाधा असेही. हे ऐकून आमच्या मावशी पुढे आल्या. "नवरा नांगर धरायचा आणि नाव हिचे लावले?" त्यांनी विचारले. होय म्हटल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मी नऊ वर्षे झाडते. कागदावर ठेकेदाराचे नाव आहे, माझे नाही."

यावर काय बोलावे हे कोणाला सुचले नाही. पुढच्याच आठवड्यात आमच्या दोन सहकाऱ्यांनी मावशींच्या पगारपत्रकाची आणि भविष्य निर्वाह निधीच्या क्रमांकाची चौकशी सुरू केली. ती अजून चालू आहे. एवढे मात्र नक्की की तोवर नऊ वर्षांत ती कोणी केली नव्हती.

जेवणाचेही सांगितले पाहिजे, कारण सहलीचे खरे माप डब्यापाशी लागते. लेण्यांतून उतरल्यावर गावातल्या एका पडवीत सगळे डबे एकत्र उघडले. मावशींच्या भाकरीकडे बहुतेकांचे हात गेले. चौघांचे गेले नाहीत. एकाला उपवास आठवला, एकाचे पोट भरलेले होते, दोघांनी आपल्या पिशवीतला चिवडाच काढला. उपवासवाल्या भाऊंनी नंतर वडापाव खाल्ला, तो सर्वांनी पाहिला. आम्ही कोणाला जाब विचारला नाही, आणि मावशींनीही नाही. भाकरी एकही उरली नाही. पण मोजणाऱ्यांनी मनात मोजले. कँटीनमध्ये रोज वेगवेगळ्या टेबलांवर बसल्याने जे दिसत नाही, ते एका सतरंजीवर दिसते. आम्हाला वाटते, दिसलेले बरे. पुढच्या वेळी चारांचे दोन होतील.

वाचकांना आमचे सांगणे थोडक्यात असे. सहलीची वर्गणी पगाराच्या मानाने ठेवा, सरसकट नको. घरच्या बायका-मुलांना बरोबर घ्या. ज्या भगिनीला घरून नकार आहे, तिच्या घरी दोघा-चौघांनी जाऊन बोला. बाटली बरोबर घ्यायची नाही, हे निघण्याआधीच ठरवा. आमच्या सहलीत ते ठरले होते आणि पाळले गेले. शेवाळलेल्या दगडावर साधी चप्पल घसरते, मागे पट्टा असलेले बूट किंवा सँडल घाला. मनाईचा फलक असेल तिथे पाण्यात उतरू नका, पाणी गढूळ होताच बाहेर या. परतीच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवा. लेण्यांच्या भिंतीवर नाव कोरू नका, प्लॅस्टिकच्या पिशव्या परत आणा. ज्यांची नावे तिथे आहेत, त्यांनी त्यासाठी काही तरी दिलेले आहे.

आणि यादी करायला बसाल तेव्हा झाडणाऱ्या मावशींचे नाव पहिल्या ओळीत लिहा. त्यांचे नाव कागदावर आले की बाकीच्यांची नावे विसरायला जागा राहत नाही.