वर चढायचे, की बागांवर पसरायचे?

राहाता म्हटले, की पेरू आठवतो. गोदावरीच्या उजव्या कालव्याचे पाणी या टापूत आले, बागायत फुलली आणि इथल्या पेरूने बाहेरगावी नाव कमावले. शिर्डीतल्या बागेसाठी बाबांनी फुलझाडांची रोपे राहात्याहून नेली होती, असा उल्लेख साईसच्चरितात आहे. आज शिर्डीहून राहात्याकडे येतात ते प्लॉटचे भाव. शिर्डी जेमतेम पाच-सहा किलोमीटरवर, मधून नगर-मनमाड रस्ता, त्यात २०१७ साली काकडीला विमानतळ झाला. गाव वाढणारच. ते वर वाढवायचे, की बाहेर पसरू द्यायचे, एवढाच प्रश्न आहे.

हा विषय नगरपालिकेच्या सभेत निघाला, की त्यातल्या शब्दांनीच सामान्य माणूस बिचकतो. पण अर्थ साधा आहे. विकास आराखड्यातला पिवळा पट्टा राहण्यासाठी, हिरवा शेतीसाठी. चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे आपला एफएसआय, हे प्लॉट आणि बांधकाम यांचे प्रमाण. मुंबई वगळता बहुतेक राज्याला लागू असलेल्या डिसेंबर २०२० च्या नियमावलीत गावठाणाबाहेर तो मुळात १.१ आहे, हजार फुटांच्या प्लॉटवर अकराशे फूट बांधकाम. रस्ता रुंद असेल, तर पैसे भरून आणखी मिळते.

माझे मत मी आधीच सांगून टाकतो. राहात्यासारख्या गावाने रुंद रस्त्यांलगत तीन-चार मजले होऊ द्यावेत आणि हिरव्या पट्ट्याला हात लावताना दहादा विचार करावा. हिशेब करून पाहा. शंभर कुटुंबांना एकेक गुंठा दिला, तर अडीच एकर जमीन लागते. रस्ते आणि मोकळी जागा धरली, की साडेतीन-चार एकर. तीच कुटुंबे सातशे-सातशे फुटांच्या घरांत चार मजल्यांवर राहिली, तर भोवतालच्या अंगणासकट दीड एकरात भागते. उरलेल्या दोन-अडीच एकरांत पेरूची बाग राहू शकते.

यावर कोणी विचारील, शेतकऱ्याने गावाच्या हौसेखातर बाग का सांभाळावी? रास्त प्रश्न आहे. बागेत दोन पैसे सुटेनात आणि शेजारी प्लॉट पडले, तर कोणाचे मन डळमळणार नाही? म्हणूनच नुसत्या बंदीने काही साधत नाही. गावात परवडणारे घर मिळाले, तरच रानातल्या गुंठ्याची ओढ कमी होईल. तो गुंठा घेणारा काही सावकार नसतो. तो कारखान्यावरचा कामगार असतो, शिर्डीच्या लॉजमध्ये राबणारा पोरगा असतो. आधी घर होते, मग वर्षानुवर्षे रस्त्याची, नळाची, गटाराची वाट पाहणे येते. सरकारने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतच्या प्लॉटना सामावून घेतले. बैल गेल्यावर झोपा करण्याचाच हा प्रकार.

मजल्यांचीही भीती खोटी नाही. पाणी दुसऱ्या मजल्यावर चढत नसेल, गटार तुंबत असेल आणि गल्लीत अग्निशामक बंब शिरत नसेल, तर चौथा मजला कोणाच्या भल्याचा? म्हणून आधी रस्ता, पाणी आणि गटार, मग मजले. हा क्रम नगरसेवकांनी सोडू नये आणि आपण त्यांना सोडू देऊ नये.

त्यासाठी घराघरातून नकाशा वाचला गेला पाहिजे. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला, की हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. पुढे एखाद्या जमिनीचा पट्टा बदलायचा झाला, तरी सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. जमीनवाले आणि बांधकामवाले या तारखा विसरत नाहीत. ज्यांच्या दारावरून रस्ता जायचा, ज्यांच्या मुलांच्या मैदानाचे आरक्षण आहे, ती माणसे मात्र आराखडा मंजूर झाल्यावर जागी होतात. आरक्षित जागाही दहा वर्षांत घेतली गेली नाही, तर मालकाने नोटीस दिल्यावर ठरावीक मुदतीनंतर ते आरक्षण उठते आणि मैदान हातचे जाते.

तेव्हा पुढच्या वेळी नगरपालिकेत नकाशा लागेल, तेव्हा रविवारी सहकुटुंब नव्हे, तर कामाच्या दिवशी अर्धी रजा टाकून जा. आपले घर कुठे आहे ते शोधा, मग शेजारची बाग कोणत्या रंगात आहे तेही पाहा. काही खटकले, तर अर्ज लिहा आणि पोच घ्या. पेरूच्या बागा राहतील की नाही, हे त्या अर्जांच्या संख्येवरही ठरणार आहे.